सावध करणारीच आरोपी ठरली तेव्हा

भिलाईतल्या एका इस्पितळाची ती तक्रार अजून माझ्या मनातून गेलेली नाही. पोलिसाच्या नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण सावध करणाऱ्यालाच आरोपी म्हणून माझ्यासमोर आणलं गेलं, ते त्या एकाच प्रकरणात.

सकाळची हजेरी आटोपली होती. एका खासगी इस्पितळाचे संचालक ठाण्यात आले आणि त्यांना आलेला ई-मेल मला दाखवला. ‘तुमच्या सर्व्हरवर बाहेरचा कोणीही, कुठेही बसून, आपल्या आज्ञा चालवू शकतो. दुरुस्ती ताबडतोब बसवा,’ एवढाच मजकूर.

“ये सीधी धमकी है, साहब,” ते म्हणाले. “लड़की पर केस कीजिए.”

मेलखाली एका मुलीचं पूर्ण नाव आणि फोन नंबर होता. धमकी देणारा माणूस स्वतःचा नंबर लिहून देत नाही. तरी तक्रार आली होती, म्हणून मी तिला जबाबासाठी बोलावलं.

भिलाईतल्याच रुआबांधा वस्तीतली ती मुलगी सॉफ्टवेअर इंजिनिअर होती, घरूनच एका कंपनीचं काम करायची. सोबत वडील होते, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. महिला शिपायाला शेजारी बसवून मी विचारलं, “त्यांच्या सर्व्हरमध्ये शिरलीस का?”

“नाही साहेब. त्यांच्या साइटवर बाबांचा रिपोर्ट पाहून राहिली होती. पानाच्या खाली सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहून होती. त्या आवृत्तीत बाहेरच्याले आत शिरता येईन असं भोक आहे; तेच आमच्या कंपनीत मी नुकतंच बुजवलं.”

“मग फोन करायचा.”

“केला ना! ऐकून न घेता ठेवून दिला. मले आत घुसाचंच असतं, तर त्याइले मेल कावून केला असता?”

वडील हात जोडून उभे राहिले. “साहेब, केस झाली तर पोरीची नोकरी जाईन.”

ते खरंच होतं. मी गुन्हा नोंदवायचं थांबवलं. “तू म्हणतेस ते तपासायचं कसं?”

“सर्व्हरवर आत्ता काय काय चालू आहे, ते त्यांच्याच माणसाले पाहू द्या. भोकातून कोणी शिरलं असन तर तिथंच दिसन. मी हात नाही लावत.”

सायबर सेलच्या निरीक्षकांना घेऊन मी इस्पितळात गेलो. तिथला संगणक इंजिनिअर पडद्यावरचा एकेक प्रोग्राम ओळखत गेला आणि मध्येच थांबला. “सर, ये हमारा नहीं है.”

त्याच भोकातून कोणीतरी आधीच आत येऊन बसलं होतं. निरीक्षकांनी तपासून सांगितलं, तो प्रोग्राम सगळ्या रुग्णांच्या नोंदी कुलूपबंद करून खंडणी मागण्यासाठी ठेवलेला होता, फक्त अजून चालवलेला नव्हता. अतिदक्षता विभाग, रक्तपेढी, सगळं त्याच सर्व्हरवर होतं.

सर्व्हरचा बाहेरचा संपर्क लगेच तोडला. पुराव्यासाठी सर्व्हरची जशीच्या तशी प्रत जप्त केली. त्या दिवशीच्या शस्त्रक्रिया कागदी फाइलींवर पार पडल्या. मग सर्व्हर स्वच्छ करून, दुरुस्ती बसवून, इस्पितळानं आधीच वेगळ्या सुरक्षित ठेवलेल्या प्रतीवरून नोंदी परत भरल्या. एकाही रुग्णाचा रिपोर्ट गेला नाही.

गुन्हा अज्ञात व्यक्तीविरुद्ध नोंदवला. तो प्रोग्राम ठेवणारा कधी सापडला नाही. तरीही हे प्रकरण आठवलं की मला समाधानच वाटतं.

संचालक दुसऱ्या दिवशी स्वतः तिच्या घरी गेले. “बेटी, माफ करना,” म्हणाले. तिनं त्यांना चहा दिला आणि पुढचे अपडेट वेळच्या वेळी बसवण्याचं कबूल करून घेतलं.

पुढे बदली झालेल्या प्रत्येक ठाण्यात मी शिपायांना एक गोष्ट सांगत गेलो: धोक्याची बातमी घेऊन कोणी आलं, तर आधी त्याला बसायला खुर्ची द्या. नाव-पत्ता मागाहून विचारा.