मामंजी आणि माझा अर्धवट रोलर कोस्टर

माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना मी पहिल्याच भेटीत आभाळातून खाली टाकलं. (तोवर सुपारीही फुटली नव्हती!)

तेव्हा मला कॉम्प्युटरवर रोलर कोस्टर बांधायचं नवंनवं वेड लागलं होतं. सांगलीतल्या आमच्या छोट्या घरात बसून मी डोंगर उठवायचे, रूळ पिळायचे, गाडी सोडायचे. पहिली गाडी चढावर दमली आणि उलटी मागे आली. दुसरीतून उतरलेली पडद्यावरची माणसं रांगेत उभी राहून ओकायला लागली.

"अगं, बिचाऱ्यांना लिंबू तरी दे!" आई मागून ओरडायची.

कुपवाडच्या कारखान्यातून दमून आलेले बाबा चहा घेऊन माझ्या शेजारी बसायचे आणि "आज किती गेले?" एवढंच विचारायचे. काय सुखाच्या संध्याकाळी होत्या त्या!

अशात कराडहून पाहुणे मला बघायला आले. मुलगा सुधीर, त्याची आई आणि उभी हयात ट्रक चालवलेले, भरघोस मिशांचे त्याचे वडील. म्हणजे आमचे आताचे मामंजी.

"मुलगी काय करते?" सुधीरच्या आईंनी विचारलं.

"डिझाइन करते," आई घाईघाईने म्हणाली.

"अगंबाई! मग ब्लाउजचे गळे दाखव की!"

मी आईकडे पाहिलं. आईने पंख्याकडे पाहिलं.

"गळे नाहीत, गाड्या आहेत," मी पुटपुटले.

गाडी म्हटल्यावर मामंजी सरसावूनच बसले. "कसल्या गाड्या?"

मी सगळं समजावलं. हा कॉम्प्युटरला जोडलेला जाड चष्मा डोळ्यांवर चढवला, की आपण खरंच गाडीत बसलोय असं वाटतं. "पण चक्कर येते हां, काका."

"चक्कर? मला? पोरी, खंबाटकी घाट आमी डुलक्या घेत उतरलोय!" (त्यांच्या बायकोने कपाळाला हात लावला.)

घातला चष्मा. सोडली गाडी. ती निम्मा चढ चढली आणि मला आठवलं, की सकाळी साडी नेसायच्या गडबडीत मी पुढचे रूळ टाकलेच नव्हते!

"काका, चष्मा काढा!"

"का? आत्ता कुटं मजा याय लागलीया! लय झ्याक चढतीया!"

आणि उतार आला.

"आरं आरं आरं! ब्रेक! ब्रेक कुटाय?" मामंजींनी उजवा पाय दाणकन हाणला. पायाखाली टीपॉय होता. पोह्यांच्या बश्या उडाल्या! डावा हात गिअर शोधत होता, त्याला बाबांचा गुडघा सापडला. तो त्यांनी जीव खाऊन मागे ओढला. तेवढ्यात रूळ संपले.

"आन्... रस्ता कुटं गेला?" इतक्या बारीक आवाजात विचारलं त्यांनी, आणि बाबांना कवटाळून सोफ्यावरून थेट फरशीवर आले.

"बघा! आनखी घ्या डुलक्या!" सुधीरच्या आई म्हणाल्या.

लिंबूपाणी पिऊन पाहुणे "कळवतो" म्हणून निघून गेले. आईने मला फैलावर घेतलं. बाबा कानातला पोहा काढत म्हणाले, "आज एकच गेला."

मला मात्र हसू येईना. कारण सांडलेले पोहे गोळा करायच्या निमित्ताने सुधीर माझ्याशेजारी वाकला होता आणि हळूच म्हणाला होता, "पुढचे रूळ टाकले की मला बसवाल?" असा मुलगा हातचा गेला म्हणून मी उशीत तोंड खुपसून रडले.

दुसऱ्या दिवशी मामंजींचा फोन आला. बाबांनी स्पीकर लावला.

"पोरगी पसंत हाय! आवं, येवढा डोंगर बांधती म्हंजी धीराची हाय. फकस्त..."

"फक्त काय?"

"लग्नाच्या आधी त्यो रस्ता पुरा करा म्हनावं. सपनात अजून पडतुया मी!"

रस्ता पुरा झाला, लग्नही झालं. वरातीला सजवलेली बग्गी आली. आम्ही दोघं चढणार, तोच मामंजी आडवे आले.

"ही बग्गी कुनी ठरवली रं?"

"मी, आबा," सुधीर म्हणाला.

"सूनबाईनं न्हाई न्हवं?"

"न्हाई."

"मग बसा बिनघोर," ते म्हणाले, आणि घोड्यांपासून चांगलं अंतर राखून स्वतः मात्र पायी निघाले!