कांदा तपासणाऱ्या बाई

नौपाड्यातल्या एका डॉक्टरांनी क्ष-किरणांचं यंत्र आणलं, तेव्हा उद्घाटनाला तीन भाषणं आणि एक स्वागतगीत झालं. मग गंमत म्हणून पाहुण्यांना आपापल्या हाताची हाडं बघायला रांगेत उभं केलं. अध्यक्षांनी तर अंगठीसह हात दोनदा पाहून घेतला.

रांगेत माझ्या शेजारी, भिंतीला टेकून, एक अनोळखी बाई उभ्या होत्या. त्यांच्या बोटांची टोकं लालभडक होती. मी विचारलं, तर म्हणाल्या, "रंग आहे. क्ष-किरण सोडलेल्या कांद्याच्या मुळांतल्या पेशी रंगवून तपासते. मुंबईच्या प्रयोगशाळेत सहा वर्षं तेच करतेय."

तेवढ्यात डॉक्टरांच्या आईंनी गरोदर सुनेला पुढे ढकललं. "जा गं, नातवाची हाडं तरी बघू दे!"

बाई ताडकन आडव्या आल्या. "हिला नेऊ नका! या किरणांनी पेशीतले गुणसूत्रांचे धागे तुटतात. पेशी ते जोडायला बघते, पण कधीकधी भलतीच टोकं जोडते."

डॉक्टर हसले. "अहो बाई, कांद्याच्या गोष्टी माणसांना सांगताय?"

"बिघडलेला कांदा मी फेकून देते," त्या कडाडल्या. "तुम्ही काय करणार?"

यावर अध्यक्षांनी स्त्रियांच्या भित्र्या स्वभावावर दोन शब्द सांगितले. टाळ्या पडल्या. चौथी शिकलेली ती सून मात्र सासूचा हात सोडवून बाहेर जाऊन बसली.

मी विज्ञानाचा पदवीधर. त्या बाईंचं म्हणणं मला पटलं होतं. तरी रांग सोडली नाही, आणि नंबर आल्यावर हात पुढे केला.