हात मोडला तर हप्ते कोण भरणार?

दुर्गच्या एका फायनान्स कंपनीच्या एजंटानं मला फसवलं. माझ्याच वर्कशॉपमध्ये बसून, माझाच चहा पिऊन फसवलं.

विदर्भातून भिलाईला आलो तेव्हा थोरल्या भावाच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात झोपायचो. भाऊ स्टील प्लान्टमध्ये नोकरीला होता. मला तिथं घेतलं नाही. मग दुसऱ्यांच्या लेथवर काम शिकलो आणि भिलाईजवळ जामुलला टिनाच्या शेडमध्ये स्वतःची लेथ बसवली. सिमेंटच्या ट्रकांच्या पिना आणि बुश करून द्यायचो.

दुसऱ्या लेथसाठी कर्ज काढलं. व्याजावरून एजंटाशी तीन दिवस भांडलो. शेवटी तो म्हणाला, "भाऊ, अर्धा टक्का सोडतो, पण हा विमा घ्या. हात मोडला तं हप्ते कंपनी भरन."

"मी नोकरीवाला नाही, माहीत आहे ना तुले?"

"दिसून राहिलं ना, भाऊ! तुमच्यासाठीच आहे हा."

मी विम्याचाही भाव पाडला.

"तुमी तं माहा शर्ट बी उतरवून घ्यान," तो म्हणाला. मी खूश झालो.

फॉर्मवर पत्ता भावाच्या क्वार्टरचा दिला. भिलाईत तशी रीतच होती. सेक्टरचा, म्हणजे प्लान्टच्या वसाहतीचा, पत्ता दिसला की कर्ज लवकर मंजूर व्हायचं. बाकीचे रकाने त्यानं भरले. मी सही केली.

वर्षाच्या आत लेथच्या फिरत्या चकमध्ये शर्टाची बाही अडकली आणि उजवं मनगट मोडलं. फायनान्स कंपनीत गेलो. बाबूनं फॉर्म पुढे सरकवला. व्यवसायासमोर लिहिलं होतं, प्लान्टमध्ये नोकरी. विमा फक्त पगारदारांना होता. "खोटी माहिती तुम्हीच दिली," बाबू म्हणाला. मी प्लास्टरचा हात असा आपटला की त्याचा चहा फायलींवर सांडला.

दोन हप्ते चुकले असते तर नवी लेथ उचलून नेली असती.

"तीन दिवस भाव पाडला," बायको म्हणाली, "अन् कागद वाचाले पाच मिनिटं नाही भेटले तुमाले?"

 

दुसऱ्या दिवशी पदर घट्ट खोचून, भावाचा जुना शर्ट बाह्या कापून अंगात चढवून ती लेथवर उभी राहिली. मी स्टुलावर बसून मापं सांगायचो. ट्रकवाले आधी हसले. तिची पहिली पिन बरोबर बसली, तेव्हा तेच दुसरी मागायला आले. एकही हप्ता चुकला नाही. दोन्ही लेथ आजही आमच्याच आहेत.

पत्ता मी चुकीचा दिला, कबूल. पण तेलानं माखलेले माझे हात समोर दिसत असताना नोकरीचा रकाना त्यानं भरला. विम्यासाठी मी भरलेले पैसे कंपनीनं ठेवून घेतले, कमिशन त्यानं. मला कधीच मिळणार नव्हता तो विमा मला का विकला? दोघांपैकी एकानं माझ्या शेडमध्ये यावं आणि माझ्या बायकोसमोर उत्तर द्यावं.