धोंड्याच्या महिन्यातलं बुकिंग

आमच्या सासरच्या गोतात लग्न जुळायला दोन वर्षं लागतात आणि उरकायला आठ दिवस. सोयरीक झाली की लगेच तारीख निघते, आणि ती नेमकी आमच्या आरक्षणाच्या दिवशीची असते. लागोपाठ तीन उन्हाळे मी सहलीची तिकिटं काढली आणि तिन्ही वेळा रद्द केली. एकदा भोकरचं लग्न, एकदा नायगावचं. तिसऱ्या वर्षी तर नवरदेव आपला कोण लागतो, हे मला मांडवात गेल्यावर कळलं.

मी याद्या करणारी बाई आहे. किराण्याची यादी, औषधांची यादी, आणि कोणती यादी कुठे आहे याचीही एक यादी. असल्या बाईला तीनदा हरवायचं म्हणजे जरा जास्तच झालं. चौथ्या वर्षी मी तिकिटांच्या आधी पंचांग उघडलं. आणि सापडलं! अधिक मास, तोही ऐन मे-जूनमध्ये. धोंड्याच्या महिन्यात लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. अख्ख्या गोताचे हात बांधलेले. तेव्हा रेल्वेचं आरक्षण चार महिने आधी उघडायचं. संक्रांतीचा तिळगूळ अजून डब्यात होता, तोवर मी सकाळी आठच्या ठोक्याला फोन आणि कॉम्प्युटर दोन्ही घेऊन बसले. नांदेडहून थेट अमृतसर, चार बर्थ, चारही पक्के. तिथून पुढे डोंगरात अकरा दिवसांसाठी दोन खोल्या.

"कुणाला बोलायचं नाही," मी नवऱ्याला बजावलं.

"मी कशाला बोलतोय? मला तर तू आत्ताच सांगितलंस," तो म्हणाला.

गुपित तीन महिने टिकलं. एप्रिलमध्ये लातूरहून आईचा फोन आला.

"बाई, जावाईबापूला सांग. धोंडं ठरलंय. महिना लागला की सहाव्या दिशी."

मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. महिनाभर गावात काहीच नसतं हे मी पंचांगात बघितलं होतं. त्या महिन्यात एकच गोष्ट असते, ती म्हणजे जावई, हे मात्र साफ विसरले होते. तीन वर्षांतून एकदा जावयाला बोलवायचं, तेल लावून न्हाऊ घालायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे आणि तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, वर दिवा, असं वाण द्यायचं. माझ्या माहेरी दिवाळी एक वेळ साधी होईल, धोंडा नाही.

"माय, आम्ही तेव्हा इथं नाही. आल्यावर करू ना. महिना तीस दिवसांचा असतो."

"महिना तीस दिसाचा, धाकट्याची सुट्टी दहाच दिसाची."

धाकटा म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा, फौजेत आहे. त्याचे ते दहा दिवस माझ्या अकरा दिवसांत डब्यात डबा बसावा तसे बसले होते.

"मग त्याचं त्याला कर, आमचं मागून."

"हाव का! एकाला आधी आन एकाला मागून? मागचा म्हणंल, मला उरलेलं वाढलं." मग तिचा आवाज जरा खाली आला. "मागच्या धोंड्याला पोरीचं नवं नवं लगन झालतं. तो शिमेवर. मी त्याचं ताट पाटापुढं मांडलं आन तसंच उचललं. आता पुन्हा न्हाई उचलायची मी."

तरी मी बोललेच. "अगं, चार महिने आधी बुकिंग केलंय मी."

"आन मी तीन वर्सं आधी केलंय. इचार जावाईबापूला."

विचारलं. आधी त्याला काही आठवेना. मग आठवलं, पण सांगवेना. मागच्या धोंड्याला पोटभर जेवून तो सोप्यात आडवा झाला होता, तेव्हा आई म्हणाली होती, "पुढच्या बारीला दोघं जावाई एका पंगतीला, काय?" आणि हा म्हणाला होता, "हाव मामी."

"पुरण खाल्ल्यावर माणूस कशालाही हाव म्हणतो गं," तो म्हणाला.

मी वही उघडली. मधोमध रेघ मारली. एका बाजूला लातूर, दुसऱ्या बाजूला डोंगर. कुठे कुणाची गरज आहे ते लिहीत गेले. लातूरला जावई हवा. डोंगरात मला आणि दोन्ही मुलांना डोंगर हवा. जावयाची डोंगरात गरज काय? बॅगा उचलायला. बॅगांना चाकं होती. संध्याकाळपर्यंत मी एक बर्थ रद्द केला.

"म्हणजे मला वगळलं?" नवरा.

"वगळलं कुठं? तुमचं बुकिंग आधीचं होतं."

आईला मी निघायच्या दिवशीच फोनवर कळवलं, तशी ती उसळली. "अगं, जोडीनं बसत्यात वाणाला! त्यो एकटा कसा बसंल?"

"तू जावई मागितलास, जावई पाठवते. लेकीचं तू बोलली नव्हतीस."

"बरं," आई म्हणाली. "जा तू. माझ्यापाशी इलाज हाय."

हा शेवटचा शब्द मला आवडला नव्हता. पण गाडीची वेळ झाली होती. नवऱ्याने आम्हाला गाडीत बसवलं, खिडकीतून पाण्याच्या बाटल्या दिल्या आणि तोंड इतकं लहान केलं की शेजारच्या बाईंनी मला हळूच विचारलं, "नोकरीला असतात का लांब?" तिसऱ्या दिवशी त्याने लातूरची एसटी धरली.

धोंड्याच्या सहाव्या दिवशी आम्ही थंडीत कुडकुडत चहा पीत होतो आणि बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. सोप्यात दोन पाटांच्या दोन जोड्या मांडलेल्या. एका जोडीवर धाकटा आणि माझी बहीण. दुसऱ्या जोडीवर नवा सदरा घातलेला, गंध लावलेला माझा नवरा, आणि त्याच्या शेजारच्या पाटावर नवीकोरी मोरपंखी साडी घडी करून ठेवलेली. साडीवर काहीतरी बारकं होतं, हळदकुंकू लावलेलं.

"ते काय आहे?" मी विचारलं.

"तू," नवरा म्हणाला.

सुपारी होती.

"बायको हाजर नसली की सुपारी बसवत्यात," मागून आई. "शास्तर हाय. म्या काय मनानं न्हाई केलं."

मुलं हसून हसून पलंगावरून खाली आली. नवरा अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "लई गुणाची हाय. सकाळपासून एकदाही म्हणाली नाही, किती खाताय."

मी तोंडात उत्तर घोळवत होते, तेवढ्यात बहिणीने फोन फिरवला. आई धाकट्यापुढे बसली होती. तो नको नको म्हणत होता आणि ती त्याच्या ताटात धोंडा ठेवून वर तूप सोडत होती. आणखी एक. आणखी एक. माझ्याकडे, फोनकडे, माझ्या नवऱ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. मी उत्तर गिळलं आणि चहा संपवला.

परत आल्यावर लातूरला गेले. ओटी भरताना आईने खण ठेवला, नारळ ठेवला. मी जरा वाट पाहिली.

"माय, ती मोरपंखी साडी?"

"वाणाची साडी बसणारीची असती."

"म्हणजे सुपारीची?"

"सुपारी काय साडी नेसंल का, येडे? तिच्या शेजारी बसली तिला दिली."

बहीण शेजारीच उभी होती. पदर सावरत, मोरपंखी.