एक जूनची मंडळी

गोकुळ रोडवर लेथ चालवणाऱ्या त्या गृहस्थांचं नाव मी कधी विचारलं नाही. पंपाचा शाफ्ट घासून घ्यायला गेलो होतो, तर भिंतीवर वर्तमानपत्रातली कात्रणं दिसली. एक न्यायाधीश, एक मल्ल, एक शास्त्रज्ञ, एक गायिका, सगळे आपल्याच भागातले.

"हे कोण तुमचे?"

"आमच्या दिवसाचे, अण्णा. सगळ्यांचा वाढदिवस एक जून, माझ्यासारखा," तेलकट हात पुसत त्यांनी ऐटीत सांगितलं. शेजारी मिरचीभज्यांची परात होती. त्या रांगेतल्या वर्कशॉपांत एक जूनचे अकरा जण निघाले होते आणि आज त्यांचा सण होता.

मी हसलो. "आमच्या वडिलांची, अप्पांचीही तीच तारीख. पण ते शुभेच्छा घेत नाहीत. खेड्यात जन्माची नोंद नव्हती, शाळेत घालताना मास्तरांनी एक जून ठोकून दिली. खोटी तारीख म्हणतात."

त्यांनी मशीन बंद केलं.

"खोटी कशी? ज्याच्या घरात तारीख लिहून ठेवणारं कोणी नव्हतं, तो शाळेत पोचला, त्याची तारीख आहे ती. जन्माला काय, सगळेच येतात री!" ते कानडी हेलात म्हणाले.

आणि चार भजी कागदात बांधून माझ्या हातात कोंबली. "अप्पांना द्या. म्हणावं, बारावे तुम्ही."

अळणावरजवळच्या खेड्यातून येऊन धारवाडला वकील झालेले अप्पा हे ऐकून ताठ बसले. मग भजं उचललं.

"शाळेत गेलेला घरातला पहिला होतो मी," ते म्हणाले. "सांग त्यांना, पुढच्या वर्षी परात माझ्याकडून."