रमेशचा डावा डोळा

त्र्याऐंशी साली, पोळ्यानंतर पंधरा दिवसांनी, मी पांढुर्णा सोडलं. माझी लोखंडी पेटी गाडीत चढवायला रमेश स्टेशनवर आला होता. नदीपलीकडच्या सावरगावचा, शाळेत सात वर्षं माझ्याच बाकावर बसलेला. त्याच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती आणि पट्टीखाली डोळा नव्हता. तो मी फोडला होता. हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही, अशी माझी खात्री होती. नागपूर पॅसेंजर हलेपर्यंत रमेश खिडकीशी उभा राहिला आणि मी त्याच्याशी पाण्यापावसाच्या गप्पा मारल्या.

गावात राहिलेल्यांना, आणि माझ्यासारखी पेटी उचलून निघालेल्यांनाही, गोटमार सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव, आणि त्या झेंड्यासाठी दिवसभर एकमेकांवर दगड. डोकी फुटतात, दात पडतात, कधी माणूसही जातो. संध्याकाळी सगळं संपतं. कुणाचा दगड कुणाला लागला हे कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही.

आमचं घर ख्रिस्ती. बाबा मिशनच्या शाळेत चपराशी होते. करीला ते मला घरात कोंडायचे. "देवानं हात दगडासाठी नाही देले," म्हणायचे. त्या वर्षी मी कौलं सरकवून पळालो. खोटं कशाला बोलू, मजा आली. हातात गोटा आला की छातीत नुसती आग उसळायची. समोर रमेश आहे हे मला दिसत होतं. तरी फेकला. तो तोंड धरून पाण्यात बसला आणि त्याच्याभोवतीचं पाणी लाल झालं.

सौंसरच्या पाळकसाहेबांच्या चिठ्ठीवर नागपूरच्या एका दवाखान्यात मला ड्रेसरची, जखमा धुऊन बांधायची, नोकरी लागली. पहिल्या दिवसापासून ती मला नकोशी होती. चाकूनं फाडलेली पोटं, ट्रकखाली चिरडलेले पाय, जळालेल्या बाया, ज्यांची साडी कातडीसकट सुटायची. माणसं किंचाळायची, आईबहिणीवरून शिव्या द्यायची, तोंडावर थुंकायची. आणि मी मुळात तापट. बाबांनी निघताना सांगितलं होतं, "जखम उघडायच्या आधी प्रभूची प्रार्थना म्हणत जा, हात आवरते." त्यांची तेवढी एकच गोष्ट मी ऐकली. प्रत्येक पट्टी सोडताना मनात प्रार्थना म्हणायचो, आणि खरंच, तिच्या जोरावरच मी त्या खोलीत टिकलो. फक्त एक ओळ गाळायचो, 'आमच्या अपराधांची क्षमा कर' ही. ती जिभेवर आली की पुढच्या ओळीवर उडी मारायचो.

चार वर्षं अशी गेली. मग एका दुपारी, मांडीत भोसकलेल्या एका दारुड्यानं माझ्या तोंडावर लाथ हाणली. ओठ फाटला. मी त्याचा गळा धरला आणि दाबत गेलो. त्याचे डोळे बाहेर यायला लागले आणि माझ्या छातीत तीच नदीवरची आग, तीच मजा. घाबरून प्रार्थना सुरू केली, ती गाळलेल्या ओळीपाशी येऊन अडकली. या वेळी पुढे उडी मारता येईना. हात सुटले. तो खोकत राहिला, मी भिंतीपर्यंत मागे सरकलो. रमेशला सांगितल्याशिवाय या हातांचा भरवसा नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

त्या वर्षी करीला मी कापूस-बँडेजची पिशवी घेऊन गेलो आणि सावरगावच्या काठावर चादर अंथरून बसलो. माझ्याच गावचे दगड आसपास पडत होते. दुपारी रमेश आला, कपाळ फुटलेलं. एका डोळ्यानं गोटे चुकवत फिरणारा येडा!

"तू काहून इथं बसून राहिला बे? बांध लवकर, परत जायचं हाय मले."

रक्त पुसता पुसता मी सांगून टाकलं, तुझ्या डोळ्यावरचा तो दगड माझा होता.

तो म्हणाला, "माहीत हाय मले. त्या डोळ्यानं शेवटचं तुलेच पाह्यलं होतं."

मग स्टेशनवर का आलास, मी विचारलं.

"वाटलं, सांगशील. दगडाचं काही नाही, गोटमार हाय ते. पण तू गाडी हलेपर्यंत पाण्यापावसाचं बोलून राहिला होता. ते लागलं."

मी भर काठावर, सगळ्यांसमोर रडलो. तो "बांध ना बे," म्हणाला, आणि गाठ मारून होताच पुन्हा दगडांत शिरला.

नोकरी पुढेही तीच राहिली आणि कधीच आवडली नाही. प्रार्थना मात्र आता पूर्ण म्हणतो. बाबा गेले, मिशननं दिलेल्या आमच्या खोलीत दुसरं कुटुंब राहतं, त्यामुळे पांढुर्ण्यात माझं घर असं काही उरलेलं नाही. तरी दर करीला मी सावरगावच्या काठावर जाऊन बसतो. आता तिथं तंबू असतो, डॉक्टर असतात. त्यानं मला माफ केलं का, हे मी कधी विचारलं नाही. फुटलेलं डोकं घेऊन रमेश त्या डॉक्टरांच्या समोरून चालत येतो, माझ्यापुढे बसतो आणि उरलेला डोळा मिटून घेतो.