पसाभर तांदळावर विकलेला

सुखदेईची पहिली दोन्ही मुलं पाळण्यातच गेली. तिसरा झाला तेव्हा, गयानातल्या त्यांच्या गावच्या रिवाजाप्रमाणे, दैवाला चकवायला तिने तो शेजारच्या दुलारीला पसाभर तांदळावर विकला. नाव ठेवलं बेचन, म्हणजे विकलेला. दुलारीने तो सौदा भलताच मनावर घेतला आणि जन्मनोंदणीत आई म्हणून स्वतःचंच नाव घातलं. तेव्हा सगळ्या बायका हसल्या. बेचन जगला, पण चालला नाही, बोलला नाही. चाळिशी उलटली तरी सुखदेईच त्याला भरवते.

धाकटी लेक ओमावती टोरंटोत स्थिरावली होती. आईला आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या अपंग भावाला नेण्यासाठी तिने वर्षानुवर्षं अर्ज केले. शेवटी कॅनडाचं बोलावणं आलं, आणि कागद जमवताना बेचनचा तो जन्मदाखला समोर आला.

"मा, कागदावर तो तुझा मुलगाच नाही," ओमावती फोनवर म्हणाली. "रक्त तपासता येईल, पण नाव बदलायला कोर्टात जावं लागेल. तोवर कागद द्यायची मुदत संपेल."

"दुलारीला सांग ना सही करायला," सुखदेई खवचटपणे म्हणाली.

"ती मेलीय, मा!"

"बया जन्मभराचं उसनं परत न करताच गेली."

ओमावती हसली नाही. "तू तरी ये. त्याला आश्रमात ठेवू."

"एकदा विकलाय, पोरी. तेव्हा निदान भिंतीपलीकडे होता."

मुदत संपली. लेकीने आधीच पाठवलेला थंडीचा कोट सुखदेईने घडी घालून बेचनच्या मानेखाली ठेवला. तिच्यामागे त्याला कोण भरवणार, हे गावात कुणी विचारत नाही.